कुलूपबंद घराला एक पत्र

मैत्रिणींनो, तुमच्या आळीत किंवा वाडीत बारा महिने कुलूप असलेली घरं किती, हे कधी मोजून पाहिलंय? आमच्या महिला मंडळाने २०१७ साली मोजली. रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. एस.टी. स्टँडपासून ग्रामदेवतेच्या देवळापर्यंतचा रस्ता आणि त्याला फुटलेल्या दोन आळ्या, एवढ्याच टापूत ३१ घरं बंद निघाली. काही चांगली जांभ्याची, कौलारू, पुढे पडवी आणि मागे विहीर असलेली. काही अलीकडची स्लॅबची. मालक मुंबईला, ठाण्याला, पुण्याला. काहींची मुलं त्याहून लांब. गणपतीला येतात, जमलं तर शिमग्याला येतात, मे महिन्यात आंबे खायला चार दिवस येतात. बाकी वर्षभर कुलूप.

आणि त्याच वेळी मंडळाच्या वहीत सात जणींची नावं होती. सातही जणी भाड्याने घर शोधत होत्या. ग्रामीण रुग्णालयात बदली होऊन आलेली नर्स, शाळेवर नव्याने लागलेली शिक्षिका, बँकेतली एक मुलगी, नवरा गेल्यावर सासरहून बाहेर पडलेली दोन लेकरांची आई... प्रत्येकीची गोष्ट वेगळी, पण मिळालेलं उत्तर एकच. ‘‘खोली नाही हो कुठे.’’

म्हणजे बघा, एकीकडे घरं आहेत पण दिवा लावायला माणूस नाही, आणि दुसरीकडे माणसं आहेत पण डोक्यावर छप्पर नाही. हे काही आमच्याच गावचं नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागातच सुमारे १ कोटी १० लाख घरं रिकामी आढळली होती. आकडा एवढा मोठा की त्यातून काही कळत नाही. पण आपल्या आळीतली ३१ कुलपं दिसतात, आणि त्याबद्दल काही करताही येतं. आम्ही काय केलं, तर पत्रं लिहिली. थेट मालकांना.

‘भाड्याने देणे’ची पाटी नसलेली घरं

छोट्या गावात भाड्याची घरं मिळतात ती तोंडातोंडी. दोन-तीन माणसं असतात, त्यांना सगळं ठाऊक असतं. त्यांच्या हाती मोजक्या खोल्या. त्यातल्या त्यात नोकरीवाला, कुटुंबवत्सल माणूस आला की त्याला आधी. बाई एकटी असली की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. लग्न झालंय का? नवरा कुठे असतो? माहेरचं कोण येणार-जाणार? आणि सगळ्यात शेवटी, हळूच, आडनाव काय? आमच्या नर्सबाईंना तीन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर ‘‘भावाला द्यायची आहे खोली, विसरलेच होते बघा’’ असं ऐकून घ्यावं लागलं. रात्रपाळी करून रोज दीड तास एस.टी.ने जायचं आणि यायचं, असं त्या पाच महिने करत होत्या.

या तीन तोंडांच्या बाहेर जी घरं आहेत, ती कुणी विचारतच नाही. का? तर ती ‘भाड्याने द्यायची नाहीत’ असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. खरं तर बऱ्याचदा मालकाने तसा विचारच केलेला नसतो, कारण त्याला कुणी विचारलेलंच नसतं. नाही म्हणायला ‘नाही’ म्हटलेलं नसतं. एवढ्या फटीतून आम्ही आत शिरलो.

अडसर पैशाचा नाही, भीतीचा

सुरुवातीला आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या, ‘‘चांगलं भाडं सांगा, मालक धावत येतील.’’ तसं होत नाही. मुंबईला राहणाऱ्या माणसाला गावच्या घराच्या तीन-चार हजार भाड्याने काय फरक पडणार? त्याच्या मनात दुसरंच असतं. ‘‘एकदा आत शिरलेला भाडेकरू बाहेर निघत नाही.’’ ही भीती उगाच नाही. तिला मोठा इतिहास आहे.

मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला त्याने मोठं संरक्षण दिलं, पण मालकाला घर परत मिळणं दुरापास्त झालं. मग लोकांनी पळवाट काढली. भाडेकरू नको, ‘लीव्ह अँड लायसन्स’ने माणूस ठेवायचा. तर १९७३ साली कायद्यात बदल झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे अशा परवान्याने राहत होते, त्यांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांची घरं तेव्हा अडकली, त्यांच्या नातवंडांनाही ही गोष्ट पाठ असते.

आणि गंमत अशी, की आमचे कितीतरी चाकरमानी स्वतःच गिरगाव-लालबागच्या चाळींमध्ये पागडीच्या खोलीत वाढलेले. वर्षानुवर्षं नाममात्र भाडं भरून आपण कसे राहिलो, हे त्यांना घरचंच उदाहरण. आपण जसे मुंबईत पक्के बसलो तसं कुणी आपल्या गावच्या घरात बसलं तर? या प्रश्नापुढे चार हजार रुपये काय करणार?

त्यामुळे पत्रात भाड्याचा आकडा महत्त्वाचा नाही, ही भीती घालवणं महत्त्वाचं, हे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं. त्यासाठी आधी आपल्याला कायदा ठाऊक हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली की ती जागा मालकाला परत द्यावीच लागते. नाही दिली तर सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट शुल्क भरावं लागतं. म्हणजे १९७३ ची भीती बाळगायचं कारण आता राहिलेलं नाही, फक्त कागद नीट हवा. ‘‘बारा वर्षं राहिला की घर भाडेकरूचं’’ हेही गावोगाव ऐकू येतं. मालकाच्या परवानगीने राहणारा माणूस नुसत्या राहण्याने मालक होत नसतो. हा कायदा ठरवून दिलेल्या शहरी क्षेत्रांना लागू आहे, तेव्हा आपल्या गावाला लागू आहे का ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावं. लागू नसला तरी कागद नोंदवूनच करावा, म्हणजे दोघांनाही शांत झोप लागते.

मालक शोधायचा कसा?

बंद घराच्या मालकाचा पत्ता मिळवणं हे निम्मं काम. पण अवघड नाही, आणि हे काम बायकांइतकं छान कुणाला जमत नाही असं माझं मत आहे.

पहिली पायरी शेजार. कुलपाची किल्ली बहुतेक वेळा शेजारच्या काकूंकडे असते. गणपतीत घर झाडून कोण देतं, विहिरीचा पंप कोण चालवतं, झाडाचे नारळ कोण उतरवतं, हे विचारलं की धागा लागतो. दुसरी पायरी म्हणजे वाणी आणि देवळाचे पुजारी. चाकरमानी आल्यावर सामान कुठून भरतात आणि कुळधर्माला कुणाला बोलावतात, त्यांच्याकडे फोन नंबर असतोच.

तिसरी पायरी कागदाची. ग्रामपंचायत असेल तर घरांच्या कर आकारणीची नोंदवही असते, तिला नमुना ८ म्हणतात. नगरपंचायत किंवा नगरपालिका असेल तर घरपट्टीची नोंद असते. गावाचं नगर भूमापन झालेलं असेल तर मालमत्ता पत्रक मिळतं, आणि सात-बारा, आठ-अ, मालमत्ता पत्रक हे सगळं आता सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतं. मात्र एक सांगते, या कागदांवर पुष्कळदा वारलेल्या आजोबांचं नाव असतं. घर खरं कुणाच्या ताब्यात आहे, कोण घरपट्टी भरतं, हे पुन्हा शेजारच्या काकूच सांगतात.

एक पथ्य आम्ही पाळलं. दाराच्या फटीत पडलेली कुणाची पत्रं, बिलं उचलून बघायची नाहीत. आणि ज्यांनी पत्ता दिला त्यांना आधी विचारायचं, ‘‘तुमचं नाव पत्रात घातलं तर चालेल ना?’’ पत्रात ओळखीचं एक नाव असलं की वाचणाऱ्याचा सूर बदलतो.

पत्र कसं लिहायचं?

फोन का नाही, असं मला अनेकजणी विचारतात. अनोळखी नंबरवरून फोन आला आणि ‘‘तुमचं घर भाड्याने देता का’’ विचारलं, की समोरचा माणूस पटकन ‘‘नाही’’ म्हणतो. एकदा ‘नाही’ तोंडातून गेलं की मग तो शब्द फिरवणं त्याला जड जातं. पत्र तसं नसतं. ते घरात येतं, टेबलावर पडतं, बायको वाचते, सासूबाई वाचतात, रात्री जेवताना विषय निघतो. घराचा निर्णय एकटा माणूस घेत नाही, घर घेतं. म्हणून पत्र.

तेही साध्या टपालाने. रजिस्टर पत्र आलं की माणूस आधी दचकतो, कोर्टाची नोटीस आली की काय असं त्याला वाटतं. (तशी वेगळी रजिस्टर सेवा आता राहिलेलीही नाही, २०२५ मध्ये टपाल खात्याने ती स्पीड पोस्टमध्ये विलीन केली.) पांढरं पाकीट, हाताने लिहिलेला पत्ता, आत एका पानाचं पत्र आणि उत्तरासाठी तिकीट लावलेलं, आपला पत्ता घातलेलं दुसरं पाकीट. हे दुसरं पाकीट विसरू नका. बहुतेक लोक फोनच करतात, पण ते पाकीट पाहून त्यांना कळतं की आपण मनापासून विचारतोय.

परतीचा पत्ता मात्र मंडळाचा किंवा कामाच्या ठिकाणचा द्यावा. एकट्या बाईने स्वतःच्या राहत्या जागेचा पत्ता अनोळखी माणसाला देऊ नये.

आमच्या नर्सबाईंचं पत्र मला अजून आठवतं, कारण आम्ही दोघींनी बसून ते तीनदा लिहिलं. साधारण असं होतं :

‘‘सप्रेम नमस्कार वि. वि.

मी इथल्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. आपल्या घराशेजारच्या काकूंकडून आपला पत्ता मिळाला, त्यांना विचारूनच हे पत्र लिहीत आहे. रुग्णालयात जाता-येता आपलं घर रोज दिसतं. उत्तरेकडच्या बाजूची पाच-सहा कौलं माकडांनी फोडली आहेत आणि पडवीच्या खांबाला वाळवी लागलेली दिसते. पावसाआधी बघायला हवं, म्हणून आधी कळवते.

मला आणि माझ्या आईला राहण्यासाठी दोन खोल्या हव्या आहेत. आपलं घर भाड्याने द्यायचं नसेलही, तरी विचारण्याचं धाडस करते. माजघर आणि देवघर आपण कुलूप लावून ठेवावं. गणपतीत आपण याल तेव्हा घर आपलंच असेल, त्या दिवसांत आम्ही एका खोलीत राहू. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणी करून करू, त्याचा खर्च मी करीन. मुदत संपल्यावर आपण सांगाल त्या दिवशी किल्ली परत देईन. माझ्याबद्दल आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आणि महिला मंडळाकडे चौकशी करावी, दोन्हीकडचे नंबर खाली देत आहे.

उत्तर ‘नाही’ असलं तरी राग नाही. कौलांचं मात्र बघून घ्यावं.’’

खाली संपूर्ण नाव, आडनावासह. काही लपवायचं नाही, हे आमचं ठरलेलं. पण आडनाव शेवटी येतं. त्याआधी तिचं काम, तिची आई, कौलं आणि गणपती मालकाने वाचलेले असतात. गावातल्या तोंडातोंडी व्यवहारात हा क्रम नेमका उलटा असतो.

या पत्रात बघा, भाड्याचा आकडा कुठेच नाही. सुरुवात घराच्या काळजीने आहे. मालकाला ज्याची खरी चिंता, ते कौलं, वाळवी, देवघर आणि गणपती. कोकणातल्या माणसाला मुंबईत बसून मे महिना लागला की शाकारणीचा घोर लागतो. कौलं परतून घेतली नाहीत तर एका पावसात आतली भिंत भिजते. बंद घर माणसासारखं झुरत जातं, हे तोही जाणतो. रोज चूल पेटणाऱ्या घराला वाळवी लवकर दिसते, रिकाम्या घराला ती खाऊन टाकते तेव्हा दिसते.

वेळही महत्त्वाची. आमच्याकडे पत्रं टाकायचे दोन मोसम. एक एप्रिल, म्हणजे मालक मे महिन्यात आले की समोरासमोर भेट होते. दुसरा गणपतीच्या आधी तीन आठवडे. घाटावर असाल तर तुमच्या गावची जत्रा, यात्रा, दिवाळी बघा. माणूस घराकडे येण्याच्या आधी पत्र पोहोचलं पाहिजे.

उत्तरं

सगळ्यांची उत्तरं येत नाहीत. आमच्या पहिल्या खेपेच्या ११ पत्रांपैकी ६ जणांनी काहीच कळवलं नाही. एका गृहस्थांनी फोन करून ‘‘माझा पत्ता दिलाच कुणी?’’ म्हणून दहा मिनिटं झाडलं. मी ऐकून घेतलं आणि ‘‘पुन्हा लिहिणार नाही’’ म्हटलं. तसंच केलं. एकाला दोनदा पत्र पाठवायचं नाही, हा नियमच केला. विचारणं आणि मागे लागणं यात फरक आहे.

दोघांनी नम्रपणे नकार कळवला. एका घराची भाऊबंदकीत वाटणी व्हायची होती, दुसरं विकायला काढलं होतं. उरले दोन. एक डोंबिवलीच्या आजी. त्यांनी फोन केला तो घराबद्दल बोलायला नव्हेच. ‘‘विहिरीजवळची अनंताची फुलं येतात का गं अजून?’’ हा पहिला प्रश्न. नर्सबाई दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आल्या, झाड होतं, कळ्याही होत्या. तिसऱ्या फोनला आजींनी मुलाला बोलायला लावलं. मुलाने कायद्याचं विचारलं, मग आडनावावरून जराशी कुरबूर केली. ती आम्हाला मागून कळली. आजी म्हणाल्या, ‘‘फुलं कोण बघून आलं? तू आलास का?’’

जून उजाडायच्या आत ते घर उघडलं. कौलंही परतून झाली.

सगळीकडे असं होत नाही, हे स्पष्ट सांगते. पुढच्या खेपेत एका मालकांनी ‘‘आपल्यातलीच असेल तर बोला’’ असं लिहिलं होतं. त्यांना आम्ही कुणाचंच नाव सुचवलं नाही. पत्राने माणसाचा पूर्वग्रह जात नाही. पण आधी माणूस आणि मग आडनाव, एवढी संधी पत्र देतं. काही वेळा तेवढी पुरते.

कागद पक्का हवा

घर मिळालं की आनंदाच्या भरात कागद मागे पडतो. तो पडू देऊ नका. बऱ्याच जणांना वाटतं, अकरा महिन्यांचा करार म्हटला की नोंदणी लागत नाही, नोटरी केली की झालं. महाराष्ट्रातल्या या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर मालकाने वेगळं सिद्ध करेपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. हे मालकाला सांगितलं की तो स्वतःच नोंदणीसाठी पुढे येतो.

खर्च फार नाही. लीव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामत रकमेवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर शंभराला पंचवीस पैसे या दराने असतं. नोंदणी शुल्क वेगळं. आता हा करार आधार आणि बोटाच्या ठशावर ऑनलाइनही नोंदवता येतो. मालक डोंबिवलीत आणि आपण गावात असलो तरी अडत नाही. गावचं ई-सेवा केंद्र चालवणारी मुलं हे काम करून देतात, फी आधी विचारून घ्या.

करारात या गोष्टी नावानिशी घाला :

कुठल्या खोल्या आपल्या आणि कुठल्या कुलपात, ते. घरात असलेल्या वस्तूंची यादी, पितळेच्या घंगाळापासून पाटापर्यंत. वीजबिल कोण भरणार. कौलं, पंप, संडास यांची दुरुस्ती कुणाची, आणि आपण खर्च केला तर तो भाड्यातून कसा वळता करायचा. विहिरीचं पाणी आणि परसातल्या नारळ-आंब्यांवर हक्क कुणाचा. (हसू नका, भांडणं इथेच होतात!) आणि मालक सणाला येतील ते दिवस. घर सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या, किंवा ज्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र आहे त्याची सही. एका भावाच्या ‘हो’वर सामान हलवू नये, दुसरा भाऊ गणपतीत येऊन दारात उभा राहतो.

घर न पाहता पैसे पाठवू नका. पाहायला एकटीने जाऊ नका. भाडं शक्यतो बँकेतून द्या, रोख दिलं तर पावती घ्या. आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती मालकाकडून दिली जाईल हे बघा. तो आपल्यावरचा अविश्वास नसतो, दोघांचीही सोय असते.

वहीचा उपयोग झाला तो असा

पत्रं लिहिता लिहिता आमच्या मंडळात एक वही तयार झाली. घर कुणाचं, किल्ली कुणाकडे, मालकाने काय उत्तर दिलं, ‘आत्ता नाही पण पुढे बघू’ म्हणणारे कोण. चार वर्षांत त्यात बरीच पानं भरली.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला. तळमजल्यावरच्या संसारांचं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. आठवडाभरात आमच्या गावात नातेवाइकांकडे कुटुंबं यायला लागली. एकेका घरात तीन-तीन चुली. तेव्हा पत्र लिहायला वेळ नव्हता. आम्ही वही काढली आणि ‘पुढे बघू’वाल्यांना फोन केले. त्यांना आम्ही अनोळखी नव्हतो, आमचं पत्र कधीतरी त्यांच्या टेबलावर पडून गेलं होतं. पंधरा दिवसांत पाच घरं उघडली. त्यातलं एक त्याच गृहस्थांचं, ज्यांनी मला दहा मिनिटं झाडलं होतं. त्यांना आम्ही फोन केलाच नव्हता, शब्द दिलेला. त्यांनीच शेजाऱ्यांकडून ऐकून आपणहून किल्ली दिली. भाडं घेतलं नाही. ‘‘पाऊस संपेपर्यंत राहू देत’’ म्हणाले.

तेव्हा माझी खात्री पटली, की पाठवलेलं पत्र वाया जात नाही. उत्तर न आलेलंही.

तुमच्या गावात सुरू करायचं असेल तर फार मोठं काही लागत नाही. पाच-सहा जणी, एक वही, पाकिटं, तिकिटं. पहिल्या बैठकीत आपापल्या आळीतली कुलपं मोजा. दुसऱ्या बैठकीत ज्यांना घर हवंय त्यांना बोलवा आणि प्रत्येकीचं पत्र तिला स्वतःलाच लिहू द्या. आपण शुद्धलेखन तपासायचं, भाषा बदलायची नाही. ठोकळेबाज एकच मजकूर सगळ्यांना पाठवला तर तो जाहिरातीच्या कागदासारखा केरात जातो. त्या घराचं कौल, ती विहीर, तो अनंत पत्रात असेल, तरच ते पत्र.

आणि ज्यांचं स्वतःचं घर गावाकडे कुलपात आहे अशाही वाचक मैत्रिणी असतील. सासरचं असेल, माहेरचं असेल. कुणी पत्र लिहिण्याची वाट कशाला बघायची? शेजारच्या काकूंना एक फोन करा, आपल्या गावात घर शोधणारी कुणी आहे का विचारा. कागद नीट केला तर घर कुठे जात नाही. उलट पुढच्या गणपतीला तुम्ही जाल तेव्हा दार उघडं असेल, अंगण सारवलेलं असेल, आणि जाळी-जळमटं काढण्यात सणाचा पहिला दिवस जाणार नाही.